पालथी चरवी

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी हरलंच नव्हतं. असं काका सांगत. आमचा मूळ पुरुष तंजावरच्या राजांच्या पदरी पट्टेबाज होता आणि त्याने एकट्याने एका लाठीवर सात हशम लोळवले होते. माझ्या मुंजीत ते सात होते. थोरल्या बहिणीच्या लग्नापर्यंत त्यांचे चाळीस झाले, आणि मी एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, पहिल्यांदा नापास झालो त्या वर्षी, बहुधा मला जास्त लाज वाटावी म्हणून, त्यांत दोन हत्तीही येऊन मिळाले. मी कधी हरकत घेतली नाही. खोटं कसं सांगावं हे ज्याच्याकडून शिकलो त्याच्या हिशेबात चुका काढणं बरं दिसत नाही.

वडील मी पाच वर्षांचा असताना गेले, तेव्हापासून काकाच घरचे कर्ते. पापनाशमच्या तालुका कचेरीत ते कारकून होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. मिशी एवढी, की तिच्यासाठी वेगळं तिकीट का काढत नाही असं टी. सी. विचारायचा. आणि आवाज असा, की फलाटावर ते शिंकले तर गार्डाने शिट्टी फुंकायच्या आधीच गाडी हलायची. कचेरीत मात्र हा आवाज नव्हता. एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा पाहिलं. तहसीलदाराच्या टेबलापुढे काका उभे होते आणि त्यांच्या तोंडातून जे निघत होतं ते ऐकायला मांजराचे कान हवे होते. मी डबा ठेवला आणि बघितलंच नाही असं दाखवून परतलो. घरी येऊन आईला सांगितलं, काका तहसीलदाराला झापत होते.

उरलेला आवाज माझ्यासाठी होता. मी नऊ वर्षांचा झाल्यापासून ते मला गच्चीवर लाठी शिकवत. आम्ही लाठी म्हणतो, तमिळ लोक सिलंबम म्हणतात; कपाळाला भिडेल एवढी उंच बांबूची काठी, ती दोन्ही हातांनी अशी फिरवायची की बघणाऱ्याला काठी दिसू नये, नुसता वारा दिसावा. काका स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते. गुडघा दुखायचा. गुडघा नेमका कुठल्या लढाईत दुखावला ते दरवर्षी बदलायचं. ते वेताच्या खुर्चीत बसायचे, हातात कॉफीचा पेला, आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडायचे: डावा गुडघा. उजवा खांदा. माग. वर. शब्द पुरा व्हायच्या आत माझं अंग तिथे पोचलं पाहिजे. का, असं विचारलं की पोटरीवर वेताची छडी. दहा वर्षांत माझं डोकं या कामातून पार निवृत्त झालं. एकदा पंगतीत काकांनी "डावीकडचं लोणचं" म्हणून मागितलं, तर माझा डावा पाय आपोआप मुडपला आणि वाढपी मुलीच्या हातातलं रसम शेजारच्या मामांच्या मांडीवर गेलं. काकांच्या डोळ्यांत अभिमानाने पाणी आलं. मामांच्या डोळ्यांत कशाने आलं ते वेगळं.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो, ज्याच्याशिवाय ही गोष्ट मी दरवेळी सांगत आलो.

त्या काळी दूध बाटलीतून येत नसे, गाईसकट येई. रोज सकाळी दूधवाला गाय आणि वासरू घेऊन आमच्या दाराशी यायचा. आई ओट्यावर उभी राहायची. मग त्याने आपली पितळी चरवी पालथी करून दाखवायची. तळाला आधीच पाणी घालून आणलेलं नाही, एवढ्यासाठी. गल्लीतल्या सगळ्या घरांत हीच रीत होती आणि त्यात कुणी वाईट वाटून घेत नसे, असं आम्हाला वाटे. चरवीतून थेंब पडला नाही की आई मान हलवायची, मग तो वासराला क्षणभर सोडायचा, गाय पान्हवायची, आणि पहिल्या धारांच्या दुधाची कॉफी काकांना जायची. त्याचा बाप वारल्यावर मुलगा येऊ लागला. तो माझ्याच वयाचा. बापाबरोबर वासराची दोरी धरून यायचा तेव्हापासून मी त्याला पाहत होतो. दिसायला काळा, हडकुळा, आणि बोलायला असा कमी, की त्याच्यापेक्षा गाय जास्त बोलायची.

तंजावरात आमची मराठी ही घराला आतून घातलेली कडी होती. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये. पण समोरच्या माणसाविषयी त्याच्यासमोरच बोलायचं असलं की आम्ही कडी घालून घ्यायचो. भाजीवाली, धोबी, बैलगाडीवाला, सगळ्यांच्या तोंडावर त्यांची उणीदुणी काढून झाली की पुन्हा कडी काढून, समोरच्याला धाकटा भाऊ करत, गोड तमिळमध्ये "काय तंबी, घरी सगळं ठीक ना?" तीनशे वर्षं हे चाललं होतं. आम्हाला ती आमची फार मोठी हुशारी वाटायची.

तेव्हा रोज सकाळी आई त्याच्यासमोर मला सांगायची, "नीट बघ रे, चरवीच्या काठाला बोट लावून बघ. याचा बाप मेला तो पाणी घालघालूनच मेला." त्याच्यासमोर काकू माहेरची भांडणं सांगायची. माझं दोनदा नापास होणं त्याच्यासमोर निघालं, बहिणीच्या सासूचा हट्ट त्याच्यासमोर निघाला. काका म्हणायचे, "याच्या डोक्यात मेंदू असता तर गाईने याला पाळलं नसतं." आम्ही हसायचो. तोही हसायचा, कारण सगळे हसतायत. असं आम्हाला वाटायचं.

आणि गाय! ती गाय आमच्या घराचं कौतुक होती. आई मराठीत "सर माग" म्हणाली की मागे सरायची, "गप उभी राहा" म्हणाली की गप उभी राहायची. पाहुणे आले की आम्ही त्यांना मुद्दाम सकाळी उठवून दाखवायचो. गाईला मराठी कळतं! मी तर कुंभकोणमला सांगून आलो होतो की ती एकादशीला उपास करते. गाईला मराठी कळतं हे आम्ही गावभर सांगितलं. गाईची दोरी धरून बारा वर्षं उभ्या असलेल्या माणसाला कळत असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो, चीनची लढाई अजून व्हायची होती, त्या वर्षीच्या तै महिन्यात, म्हणजे पोंगलच्या सुमाराला, आमच्या गावात लाठीची विभागीय स्पर्धा ठरली. तिरुची, पुदुक्कोट्टै, कुंभकोणम, सगळीकडचे गडी येणार होते. जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या चषकाशी मला काही देणंघेणं नव्हतं. एका हायस्कूलच्या हेडमास्तरांनी जाहीर केलं होतं की जूनपासून शाळेत लाठी शिकवू शकेल असा ड्रिल मास्तर हवा आहे, आणि स्पर्धा जिंकेल त्याला ती जागा. मी तिसऱ्या खेपेला एसएसएलसी काठावर पास झालो होतो आणि काकांनी ओरत्तनाडूच्या कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची एक जागा शब्द टाकून धरून ठेवली होती. मांजराच्या कानांनी ऐकायचा तो आवाज मला रोज आठवत होता. जिंकलो तर मैदान आणि गळ्यात शिट्टी. हरलो तर ओरत्तनाडू, टेबल, आणि टेबलापुढे उभा मी.

हे काकांना सांगता येत नव्हतं. त्यांना वाटत होतं मी घराण्याच्या नावासाठी खेळतोय.

मैदान किल्ल्याच्या खंदकाच्या कडेला होतं. कापण्या नुकत्याच उरकल्या होत्या, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतली माणसं सायकलींवरून, गाड्यांतून लोटली होती. दहा लाख तरी असतील असं मी नंतर सांगत आलो; चार-पाचशे असतील. पंच म्हणजे पलटणीतून परतलेले एक तमिळ गृहस्थ, अंगावर भस्माचे पट्टे आणि कमरेला पलटणीचाच पट्टा. त्यांनी नियम सांगितले. काठ्यांच्या टोकांना चुन्यात बुडवलेलं फडकं. अंगावर पांढरा ठसा उमटला की एक गुण. तीन ठसे आधी उमटवेल त्याची फेरी. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. "आणि बाहेरून कुणी खेळाडूला शिकवलं," पंचांनी मिशीवरून हात फिरवला, "तर खेळाडू बाद."

काकांचा चेहरा उतरला. काकांनी बोलायचं नाही म्हणजे मी हलायचं कसं?

पण काका म्हणजे काका. पाच मिनिटांत ते पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, डोळे मिटले, हातात कुणाच्या तरी चिपळ्या आल्या, आणि मठातल्या कीर्तनाच्या चालीवर सुरू झाले:

"डावा गुडघा उघडा गाऽऽ, रामराया…"

माझी काठी समोरच्या गड्याच्या डाव्या गुडघ्यावर जाऊन बसली. पांढरा ठसा.

"वरतुनी येतसे, माग सर गाऽऽ, रामराया…"

मी माग सरलो. वार हवेत गेला.

पंचांनी एकदा वळून बघितलं. म्हातारा माणूस, डोळे मिटलेले, ओठांवर रामाचं नाव. पंचांनी हात जोडले आणि आजूबाजूच्यांना दटावलं, "शांत बसा, मोठी माणसं भजन करतायत." मागच्या रांगेत आमच्या गल्लीतली आठ-दहा मराठी माणसं बसली होती. त्यांनी तोंडात उपरणी कोंबून घेतली.

अशा रीतीने रामरायाच्या कृपेने मी पुदुक्कोट्टैवाल्याला, कुंभकोणमवाल्याला आणि तिरुचीच्या एका आडदांड गड्याला लोळवलं. तिरुचीवाल्याची काठी मी अशी उडवली की ती अजून खाली आलेली नाही, असं मी लोकांना सांगत असे. त्याच्या तळहातांना घाम सुटला होता, एवढंच.

दुसऱ्या बाजूने अंतिम सामन्यात कोण आलं हे बघायला मी मान वळवली, तर आमचा दूधवाला. धोतर आवळून बांधलेलं, अंगात बनियन, हातात गुरं हाकायची काठी. तीच तासून, तेल पाजून तयार केलेली. कालव्याच्या काठी गुरं चारताना तो खेळायला शिकला होता म्हणे. सकाळीच त्याने आमच्या दारात चरवी पालथी करून दाखवली होती, आणि आज तोही खेळणार आहे याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आम्हीही कुठे विचारलं होतं. शिवाय माझे आधीचे तिन्ही सामने तो रिंगणाच्या कडेला उकिडवा बसून बघत होता, म्हणजे ऐकत होता.

काका मोठ्याने हसले. "अरे राजा, देवाने ताटच वाढून ठेवलं! शेणाच्या हाताने लाठी काय फिरवणार हा!" मागची रांग खो खो हसली. तो आपला काठीला चुना लावत होता. मान वर केली नाही.

पहिली फेरी मी जिंकली. डावा गुडघा, उजवी बरगडी, डावा खांदा. रामरायाने सांगितलं आणि मी केलं. तीन ठसे त्याच्या निळ्या बनियनवर आणि धोतरावर चांदण्यांसारखे उमटले. ती फेरी मी जिंकली की त्याने दिली, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझं मत असं, की त्याला एवढंच बघायचं होतं: तिरुचीच्या परक्या माणसावर केलं ते हे लोक माझ्यावरही करतात का. बारा वर्षं रोज सकाळी दारात उभा असलेल्या माणसावर.

केलं आम्ही. त्याने बघून घेतलं.

दुसऱ्या फेरीत काका "उजवा" म्हणाले आणि मी उजवीकडे गेलो, तर त्याची काठी तिथे आधीच येऊन माझी वाट बघत होती. "माग सर गा" झालं आणि मी माग सरलो, तर तो माझ्यापेक्षा एक पाऊल जास्त पुढे आलेला. मी जिथे जाईन तिथे तो. जणू आमची गाडी कुठल्या स्टेशनात थांबणार हे त्याला आधीच तारेने कळत होतं. तीन ठसे, सगळे छातीवर. एवढं चट्कन, की काकांचं अर्धं कडवं हवेतच राहिलं.

मधल्या विश्रांतीत मी काकांच्या कानाशी लागलो. "काका, त्याला कळतंय."

"काय कळतंय?"

"तुम्ही म्हणता ते. मराठी."

काका एवढे हसले की चिपळ्या आपोआप वाजल्या. "त्याला? त्याला 'अर्धा शेर' आणि 'उद्या ये' यापलीकडे मराठी कळत असेल तर ही मिशी काढून गाईच्या शेपटीला बांधीन."

"असू दे काका. एवढ्या फेरीला उलटं सांगा. डावा म्हणायचं तिथे उजवा म्हणा. मी समजून घेतो."

काकांचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरलोय. "रामाचं नाव घेऊन खोटं बोलू मी? लाज नाही वाटत?"

फसवणुकीला रामाचं नाव चालत होतं, खोट्याला चालत नव्हतं. माझ्या काकांची नीती अशी बारीक होती, सुईच्या नेढ्यातून फक्त तीच जायची.

तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवलं. काका म्हणतील त्याच्या उलट करायचं. एवढंच. डावा म्हटलं की उजवीकडे, माग म्हटलं की पुढे. तो काकांचं ऐकून एकीकडे जाईल आणि मी दुसरीकडून त्याला टिपीन. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या डोक्याने एक डाव रचला होता आणि तो चांगला होता. अजूनही मला तो चांगला वाटतो.

तिसरी फेरी सुरू झाली. काकांनी डोळे मिटले. "डावीकडे जा गाऽऽ, रामराया…"

उजवीकडे, मी मनात म्हटलं. उजवीकडे!

पाय डावीकडे गेले.

पहिला ठसा माझ्या मांडीवर. मी दात आवळले. पुढच्या वेळी काका "माग" म्हणाले तेव्हा मी पुढे जायचं एवढं पक्कं ठरवलं होतं की माझं नाक पुढे गेलं असेल, पण बाकीचा मी माग गेलो. दुसरा ठसा पोटावर. दहा वर्षं गच्चीवर ज्या आवाजाने माझे सांधे फिरवले होते, तो आवाज निघाला की माझ्या मताला माझ्याच अंगात कुणी विचारत नव्हतं. ही एक गोष्ट मी कधी वाढवून सांगितली नाही. कधी सांगितलीच नाही.

आणि मग त्याने ते केलं. काकांनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला, तेवढ्या फटीत तो माझ्यासमोर हातभर अंतरावर आला आणि अगदी हलक्या आवाजात, त्याच कीर्तनाच्या चालीवर, सूर इकडचा तिकडे न होऊ देता म्हणाला:

"उजवा खांदा उघडा गा, रामराया."

उजवा खांदा ऐकल्याबरोबर माझं अंग वार करायला उजव्या खांद्याने पुढे झालं. त्याच्या आवाजावर. त्याने काठीचं टोक माझ्या खांद्यावर नुसतं टेकवलं, आपण टपाल्याला कुठे ठसा मारायचा ते दाखवतो तसं. तिसरा ठसा.

पंचांना वाटलं तोही भजन म्हणतोय. त्यांना भरून आलं. गर्दी ओरडत होती, ढोल वाजत होते, आणि पहिल्या रांगेत काका डोळे उघडून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. मागच्या मराठी रांगेनेही ऐकलं होतं. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघावं तर जो तो आपण बारा वर्षांत त्याच्यासमोर काय काय बोललो ते आठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळेला गाय घेऊन आला. घरात असं शांत, की फळीवरच्या डब्यांतल्या मुंग्या चालताना ऐकू याव्यात. आई ओट्यावर आली. तिने चरवी बघायला मागितली नाही. त्याने न मागता पालथी करून दाखवली. आणि धरून ठेवली. वासरू ओढ घेऊ लागलं, गाय हंबरली, तरी चरवी पालथीच. शेवटी आई तमिळमध्ये म्हणाली, "पुरे, तंबी." मग तो दूध काढायला बसला. काकांनी त्या दिवशी कॉफी घेतली नाही. मिशीही काढली नाही.

आठवड्याने हेडमास्तरांचं बोलावणं आलं. मला नव्हे, काकांना. मी बरोबर गेलो. हेडमास्तर भला माणूस. टेबलावर पेपरवेट फिरवत म्हणाले, जिंकलेला मुलगा येऊन गेला. पण त्याची शाळा तिसरीपर्यंत झालेली. एसएसएलसीच्या दाखल्याशिवाय सरकार पगार मंजूर करणार नाही. "तेव्हा दुसरा आलेल्याला घ्यावं असं आमच्या मनात आहे. फरक तो काय, एका ठशाचा." मग ते माझ्याकडे वळले. "तुझी काही हरकत, काही सांगायचं आहे का?"

सांगायचं होतं. फरक एका ठशाचा नव्हता. मी ओठ उघडलेही होते. खोलीत त्या तहसीलदारापुढचा, मांजराच्या कानांनी ऐकायचा तोच आवाज निघाला; काका जमिनीकडे बघत मराठीत पुटपुटले, "हो म्हण. दुसरं काही बोलू नको." हेडमास्तर दुसऱ्या भाषेतलं बोलणं ऐकताना भली माणसं हसतात तसे हसले.

"हो," मी म्हणालो.

पाय काय, जीभ काय.

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. ओरत्तनाडू टळलं. जूनच्या पहिल्या सोमवारी मी पांढरे बूट घातले, गळ्यात नवी कोरी शिट्टी अडकवली आणि शाळेत जायच्या आधी जरा लोकांनी बघावं म्हणून ओट्यावर येऊन उभा राहिलो. आई माझ्यामागे होती. तो गाय घेऊन आला. चरवी पालथी केली, सरळ केली. मग माझ्या गळ्याकडे बघितलं. बारा वर्षांत आमच्यापैकी कुणी त्याला 'तू', 'अरे' नाहीतर 'तंबी' याखेरीज हाक मारली नव्हती, आणि तो मात्र, मी काकांशी बोलतो तसा, अदबीने, आमच्याच जुन्या वळणाच्या स्वच्छ मराठीत म्हणाला:

"ही पण पालथी करून बघितलीत कां?"

मी शिट्टी हातात घट्ट धरली. जणू तो ती घेऊन जाणार होता. आई म्हणाली, "काय बोलतो रे हा?" तिला नीट ऐकू आलं होतं.

त्याने गाय सोडली नाही, वासरू सोडलं नाही. दोरी ओढून गाय वळवली आणि न दूध काढता गेला. ती मराठी कळणारी गाय जाताना एकदाही वळून बघेना, असं मी सांगितलं तर लोक म्हणतील हा पुन्हा सुरू झाला. पण नाही बघितलं तिने.

त्याच्या जागी गल्लीत दुसरा दूधवाला आला. त्याच्या दुधात पाणी असायचं. पहिल्या दिवशीच्या कॉफीचा रंग बघूनच कळलं. आई रोज ओट्यावर उभी राहायची, पाण्याचं दूध घ्यायची, आणि ना मराठीत ना तमिळमध्ये, एक अक्षर बोलायची नाही. मी तीच कॉफी पिऊन तीस वर्षं मुलांना डावा-उजवा शिकवायला जात होतो.